द्रौपदीचा सातबारा कोणाच्या नावावर होता?

वर्ध्याला एम.ए. करणाऱ्या आमच्या गावच्या एका मुलानं विचारलं आहे: "काका, वर्गात सांगतात की पाश्चात्यांचं अर्थशास्त्र स्वार्थावर उभं आहे आणि आपलं धर्मावर. रामायण-महाभारतात याला खरंच आधार आहे, की हे मागाहून चिकटवलेलं? तुम्ही सोसायटीतही होता आणि पोथीही सांगता, म्हणून तुम्हालाच विचारतो."

बापू, प्रश्न बरोबर माणसाला विचारलास. एकतीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या चार-पाच गावांच्या सेवा सोसायट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचा, गटसचिव होतो. दिवसा कर्जाची वसुली आणि चातुर्मासात रात्री मारुतीच्या पारावर पोथी. या दोन कामांचं एकमेकांशी काही नातं आहे, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. "आपले लोक त्यागी, तिकडचे लोभी" असं परीक्षेत लिहिशील तर मार्क मिळतीलही, पण महाभारत वाचलेला माणूस हसेल. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर रथातून उतरून भीष्मांच्या पाया पडायला जातो. तेव्हा भीष्म काय म्हणतात? "अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्." माणूस पैशाचा दास आहे, पैसा कोणाचा दास नाही, कौरवांनी मला अर्थानं बांधून ठेवलं आहे. हेच वाक्य पुढे द्रोण म्हणतात, कृप म्हणतात, शल्यही म्हणतो. चार मोठी माणसं, चौघांची एकच कबुली. माझ्या माहितीत कोणत्याही अर्थशास्त्रज्ञानं यापेक्षा कोरडं वाक्य लिहिलेलं नाही.

शांतिपर्वात तर पांडव आणि विदुर यांची चर्चाच बसली आहे, की धर्म, अर्थ, काम यांत मोठं कोण. अर्जुन सरळ म्हणतो, अर्थ. ही कर्मभूमी आहे, इथं शेती, व्यापार, गोपालन यांचंच महत्त्व. भीम म्हणतो, काम, कारण इच्छाच नसेल तर कोण कशाला राबेल! वर्गात भीमाची बाजू कोणी मांडत नाही. मांडली असती तर मागणी-पुरवठ्याचा धडा लवकर कळला असता.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते दान कोण करतो आणि लोभ कोण करतो, यात नाही. समोरचा माणूस अडचणीत सापडला की धनकोनं आणि राजानं कुठे थांबायचं, हा प्रश्न आपल्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतो. धर्म म्हणजे वसुलीचा ब्रेक. मी असंच समजतो, आणि ते वसुली करता करताच समजलो.

सभापर्वात द्यूताच्या बऱ्याच आधी नारद युधिष्ठिराकडे येतात आणि प्रश्नांची सरबत्ती लावतात. प्रत्येक प्रश्न "कच्चित्" या शब्दानं सुरू होतो, म्हणजे "असं आहे ना रे?" राज्यात ठिकठिकाणी मोठी तळी भरलेली आहेत ना? शेती "देवमातृका" तर नाही ना? देवमातृका म्हणजे पाऊसच जिची आई आहे ती शेती. आमच्याकडे तिला कोरडवाहू म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द पारावर वाचला तेव्हा खाली बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मंग आपली समदी पोरकीच हाये." कारण त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. रामायणात अयोध्याकांडातही राम चित्रकूटावर भरताला असेच प्रश्न विचारतो आणि आपला देश "अदेवमातृक" असल्याचं सांगतो. दोन्ही महाकाव्यांत राजाची परीक्षा तळ्यावरून आणि पाटाच्या पाण्यावरून होते, हे तुझ्या उत्तरात ठळक लिही.

त्याच यादीत नारद पुढे विचारतात: अडचणीतल्या शेतकऱ्याला बी आणि खायला धान्य देतोस ना? माफक व्याजानं "अनुग्रह" म्हणून कर्ज देतोस ना? व्याज नेमकं किती, यावर पोथ्यांत पाठभेद आहेत, म्हणून आकड्यावर भर देत नाही. शब्द बघ, अनुग्रह. आज तो आपण गुरूकडून मंत्र घेण्यासाठी वापरतो. तिथं तो पीककर्जासाठी आला आहे.

कौटिल्य हाच शब्द घेतो, पण त्याच्यात भाबडेपणा नाही. नव्यानं वसवलेल्या शेतकऱ्यांना धान्य, जनावरं, पैसा द्यावा, त्यांनी तो सवडीनं फेडावा, असं तो सांगतो. लगेच पुढे बजावतो की कोश, म्हणजे खजिना, वाढेल अशीच सवलत आणि माफी द्यावी, कोश खाणारी देऊ नये. कारण रिकाम्या कोशाचा राजा शेवटी प्रजेलाच गिळतो. कर्जमाफीवर आपल्याकडे २००८ पासून जेवढी भाषणं झाली, त्यांतल्या दोन्ही बाजू या दोन ओळींत आहेत. (त्या २००८ च्या माफीत दोन हेक्टरची अट होती. ओलिताच्या भागात पाच एकरवाला बरा कास्तकार असतो, आमच्याकडे दहा एकर कोरडवाहूवालाही कफल्लक असतो. माझ्या यादीतले निम्मे खातेदार त्या अटीत अडकले. अनुग्रह करतानाही जमीन कोणती ते पाहावं लागतं.)

आता माझी एक चूक सांगतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मृग बरसून दोन दिवस झाले होते आणि वरून वसुलीचा रेटा होता. एका निरीक्षकाला घेऊन मी एका थकबाकीदाराच्या वावरात गेलो. तो तिफणीवर होता, मागे बायको सरत्यावर बी सोडत होती. आम्हाला पाहून त्यानं बैल थांबवले नाहीत. "तास सरू द्या साहेब, मंग बोलू," एवढंच म्हणाला. तास म्हणजे पेरणीची एक ओळ. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. तास संपला, त्यानं बैल वळवले आणि दुसरा तास धरला. अशा पाच-सहा ओळी झाल्या. निरीक्षक चिडले, मीही चिडलो आणि बैलजोडीच्या जप्तीची धमकी तोंडातून निघून गेली. बाईनं सरतं सोडलं आणि खालीच बसली. तेवढ्या वेळात जे बी पडायचं ते पडलं नाही. पुढे महिनाभर त्या जागी दोन-तीन हात तास रिकामा दिसायचा. मला तो रस्त्यावरून जाताना दिसायचा.

पुष्कळ वर्षांनी कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथाचं मराठी भाषांतर हाती आलं. तिसऱ्या अधिकरणात ऋणाच्या प्रकरणात वाक्य आहे: "अग्राह्याः कर्मकालेषु कर्षका राजपुरुषाश्च." कामाच्या हंगामात शेतकऱ्याला आणि राजसेवकाला कर्जासाठी पकडू नये. मी पुस्तक मिटून ठेवलं. हा ग्रंथ शेकडो वर्षं लोकांच्या नजरेआड होता. म्हैसूरला १९०५ च्या सुमारास शामशास्त्रींच्या हाती हस्तलिखित आलं आणि १९०९ मध्ये ते छापलं गेलं. म्हणजे नियम होता, पण वाचायला कोणी नव्हतं.

याच ऋणप्रकरणात व्याजाचे दरही आहेत. शंभर पणांवर (पण म्हणजे त्या काळचं नाणं) महिन्याला सव्वा पण, हा धर्म्य दर. व्यवहारात पाच, जंगलातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जोखीम जास्त तर व्याज जास्त, हे त्याला पक्कं माहीत होतं. फक्त "धर्म्य" आणि "चालतं ते" यांना त्यानं वेगळी नावं दिली. मनुस्मृतीत सव्वा टक्काही आहे आणि मूळ मुद्दलाच्या दुपटीपुढे वसुली जाऊ नये हा नियमही आहे, धान्यासाठी मर्यादा पाचपट. हाच तो दामदुप्पट. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनी तो मानला, आणि १९४६ च्या सावकारी कायद्यात तो वेगळ्या भाषेत आला: मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा न्यायालयानं देऊ नये. आमच्याकडे सावकार हे ओळखून असतो, म्हणून तो व्याज कागदावर आणतच नाही, जमिनीचं खरेदीखतच करून घेतो. वर्षाच्या शेवटी "नवं-जुनं", म्हणजे जुनं कर्ज नव्यानं मांडणं, झालं की व्याज मुद्दलात जातं आणि दुप्पट कुठून मोजायची तेच हरवतं.

हे वाचून छाती फुगवायच्या आधी मनूचाच आणखी एक श्लोक वाच. व्याज वर्णानुसार: ब्राह्मणाला महिन्याला दोन टक्के, मग तीन, चार, आणि शूद्राला पाच. जो सर्वांत गरीब त्याला सर्वांत महाग पैसा. जोखमीचं कारण कोणी पुढे करील, पण इथं जोखीम मोजलेली नाही, जन्म मोजला आहे. "धर्माधिष्ठित अर्थव्यवस्था" असं जो कोणी म्हणेल त्याला हा श्लोक आधी दाखव आणि मग बोलायला सांग.

आता पश्चिमेकडे. तिकडचं सगळं एकच असतं तर सोपं झालं असतं. अॅरिस्टॉटलनं घर चालवण्याची विद्या आणि पैशानं पैसा वाढवण्याची विद्या वेगळ्या केल्या आणि दुसरीला नावं ठेवली. ग्रीक भाषेत व्याजाला "टोकोस" म्हणतात, म्हणजे अपत्य. पैशाला पिलं होणं त्याला सृष्टीविरुद्ध वाटलं. आपण व्याजाला "वृद्धि" म्हणालो आणि वाढीला हरकत घेतली नाही, फक्त कुंपण घातलं. म्हणजे व्याजाच्या बाबतीत अॅरिस्टॉटल आणि मध्ययुगीन चर्च आपल्यापेक्षा कडक, हे तुझ्या वर्गात बसत नाही ना! बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत द्यावी असंही सांगितलं आहे. आमच्याकडे असं वर्ष आलं तर अर्धा तालुका पुन्हा शेतकरी होईल.

आणि अॅडम स्मिथ. खाटीक आणि पाववाला स्वतःच्या हितासाठी धंदा करतो, एवढंच त्याचं सर्वांना पाठ असतं. तो ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. १७७६ च्या ग्रंथाआधी १७५९ मध्ये त्यानं नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला. व्याजाच्या दरावर कायद्यानं कमाल मर्यादा असावी, असं त्याचं मत होतं. मर्यादा नको म्हणून त्याच्याशी वाद घातला तो बेंथम या इंग्रज विचारवंतानं, १७८७ मध्ये. म्हणजे दामदुप्पटीच्या पंगतीत स्मिथला ताट मांडायला हरकत नाही. बेंथमला नको.

खरा फरक मला द्यूतसभेत दिसतो. तो प्रसंग लोक भक्तीनं ऐकतात, रडतात, श्रीकृष्णानं वस्त्र पुरवलं की हात जोडतात. मी तो वसुलीचा प्रसंग म्हणून सांगतो. युधिष्ठिर धन हरतो, भाऊ हरतो, शेवटी स्वतःला हरतो. मग शकुनी काय म्हणतो? धन शिल्लक असताना स्वतःला हरणं हे पाप. अजून पांचाली आहे, तिला लाव आणि स्वतःला सोडव. मी सावकाराच्या ओसरीवर हे वाक्य ऐकलं आहे: "भाऊ, बैलजोडी हाये ना अजून."

द्रौपदी दूताला परत पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? स्वतःला आधी हरला असेल तर त्याच्याकडे माझ्यावरचा हक्क उरतो का? भीष्म अडखळतात. धनी नसलेला माणूस दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही हे खरं, पण स्त्री पतीच्या आज्ञेत असते हेही खरं. धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. उत्तर देतो तो विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ, आणि वकिलासारखे मुद्दे मांडतो: युधिष्ठिर व्यसनाच्या भरात होता, द्रौपदी पाचांची आहे, एकाची नाही, तो स्वतःला आधीच हरला होता, आणि तिला पणाला लावायचं सुचवलं ते शकुनीनं. म्हणून ती जिंकलेली नाही.

एका वर्षी मी हे सांगत असताना मागून एका बाईनं विचारलं, "महाराज, द्रौपदीचा सातबारा कोनाच्या नावानं होता?" लोक हसले. ती हसली नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी औषध पिऊन गेला होता, आणि त्यानं सही केलेला कागद घेऊन एक जण तिच्या दारात उभा राहत होता. मी म्हणालो, "बाई, सभेत तेच कोणी विचारलं नाही." खरं म्हणजे मला याहून चांगलं उत्तर द्यायला हवं होतं. याज्ञवल्क्य आपल्या स्मृतीत म्हणतो की कुटुंबासाठी काढलेलं नसेल तर नवऱ्याचं किंवा मुलाचं कर्ज बाईनं फेडायचं नाही. मनू म्हणतो की जुगाराचं आणि दारूचं बापाचं कर्ज मुलावर येत नाही. आजच्या कायद्यातही वारसाची जबाबदारी वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. हे मी तिला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. तोवर तिनं अंगठा दिलेला होता.

इथं जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला आण. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यानं लिहिलं की प्रत्येक माणसाच्या देहावर त्याची स्वतःची मालकी आहे, आणि माणूस करार करूनही स्वतःला गुलाम म्हणून देऊ शकत नाही. म्हणजे लॉकच्या न्यायालयात हा डाव युधिष्ठिरानं स्वतःला लावला तिथंच रद्द झाला असता. द्रौपदीपर्यंत गोष्ट गेलीच नसती. हे उत्तर स्वच्छ आहे, आणि आपल्या सभेत ते कोणालाच सुचलं नाही, हे मान्य करायला हवं. (त्याच लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. पोथी आणि वागणूक यांच्यातलं अंतर तिकडेही मैलांचं आहे.) पण लॉकचा माणूस सुरुवातीलाच कोणाचं काही देणं लागत नाही. तो मोकळा जन्मतो आणि मग करार करतो. आपला माणूस शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथानुसार जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. करारातून आलेलं कर्ज फिटतं. हे फिटत नाही, पुढच्याला देऊन चालवायचं असतं. याचा फायदा असा की "माझं मी कमावलं" असं म्हणायची सोय राहत नाही. तोटा असा की वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराला पिढ्यान्‌पिढ्या "तू आमचं देणं लागतोस" म्हणून बांधून ठेवायला हीच भाषा कामी आली. पाडव्याला नवं साल ठरताना मी दोन्ही ऐकलं आहे.

आपल्या भागाची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. दमयंती विदर्भाची. नळही द्यूतात राज्य हरला. सगळं गेल्यावर त्याचा भाऊ पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला लाव. नळ काही बोलला नाही, अंगावरचे दागिने उतरवून चालता झाला. ही गोष्ट वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाच सांगतात. ऐकताना त्याला कसं वाटलं असेल याचा विचार कर. पुढे नळ सारथी होऊन ऋतुपर्ण राजाला घेऊन अयोध्येहून कुंडिनपुराकडे येतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजून आकडा सांगतो. नळ रथ थांबवतो, फळं मोजून पाहतो, आकडा बरोबर निघतो. मग तो ती मोजणीची विद्या, अक्षहृदय, शिकून घेतो, आणि त्याच क्षणी, त्याला जुगाराच्या नादी लावणारा अंगातला कली विष ओकत बाहेर पडतो. जुन्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. जुगाराचं व्यसन देवाच्या नावानं सुटलं नाही, हिशेब आल्यावर सुटलं. आमच्या खातेदारांना व्याजाचं कोष्टक मांडून दाखवताना मी ही गोष्ट नेहमी सांगायचो.

लोक मात्र एक गोष्ट गाळतात, ती तू गाळू नकोस. परत आल्यावर नळ पुष्कराशी शेवटचा डाव मांडतो, तेव्हा जे कमावलं ते आणि दमयंती, दोन्ही पणाला लावतो. जिंकतो, आणि मग पुष्कराला त्याचा वाटा देऊन सोडूनही देतो. म्हणजे ब्रेक त्याच्या वसुलीला लागला, पणाला नाही. त्या डावाबद्दल दमयंतीला काय वाटलं, हे कवीनं लिहिलेलं नाही.

शेवटी तुझ्याच वर्ध्याचं. "भारतीय अर्थविचार" म्हणून तुला जे शिकवतील त्यातलं बरंचसं मगनवाडीत आणि सेवाग्रामला घडलं. गांधींचा सर्वोदय आला रस्किन या इंग्रज लेखकाच्या पुस्तकातून, १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते डर्बन या आगगाडीच्या प्रवासात. विश्वस्त ही कल्पना गीतेतला अपरिग्रह समजून घेताना इंग्रजी कायद्याच्या पुस्तकातून उलगडली, असं त्यांनी आत्मकथेतच लिहिलं आहे. १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम चालवणारे कुमारप्पा ख्रिस्ती, लंडनला हिशेबतपासणी शिकलेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले. आणि माझी सोसायटी? १९०४ च्या इंग्रज सरकारच्या सहकार कायद्याची, आणि त्यामागे जर्मनीच्या रायफायझन नावाच्या ऱ्हाइनकाठच्या महापौराची कल्पना: शेजाऱ्यानं शेजाऱ्याला जामीन राहायचं. मी एकतीस वर्षं जर्मन विद्येनं वसुली केली आणि रात्री नारदाचे प्रश्न वाचले. त्यातलं कोणतं पूर्वेचं आणि कोणतं पश्चिमेचं, हे एखाद्या खातेदारानं मला कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की मुदत वाढते का.

परीक्षेच्या उत्तरासाठी सभापर्वातला नारदाचा अध्याय, द्यूतसभा, वनपर्वातलं नळोपाख्यान, शांतिपर्वातली तुलाधार-जाजलीची गोष्ट आणि कौटिल्याचं ऋणप्रकरण एवढं मुळातून वाच. तुलाधार हा काशीचा वाणी आहे आणि जटेत पाखरांनी घरटं केलेल्या तपस्व्याला शिकवतो. त्यावर मी इथं लिहिलं नाही, कारण ते एका बैठकीचं काम आहे. दिवाळीत गावी आलास की संध्याकाळी पारावर ये. यंदा वनपर्व लावलं आहे आणि बेहड्याची मूठभर फळं मी मेळघाटातून आणून ठेवली आहेत.